पेयजलशुद्धीच्या सूचनांची भाषा : वर्धा जिल्ह्यातील विहिरींच्या अनुषंगाने

१

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात एक दृष्टान्त आला आहे. कतकवृक्षाचे फळ पाणी निर्मळ करते हे खरे. परंतु त्या फळाचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय आहे. धर्माचे बाह्य चिन्ह आणि प्रत्यक्ष धर्माचरण यांतील अंतर दाखविण्यासाठी स्मृतिकाराने तो योजिला. भाषेच्या अभ्यासकास मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. द्रव्याचे नाव ठाऊक असणे आणि त्याचा उपयोग करता येणे या दोहोंच्या मध्ये वाक्यांची एक लहानशी मालिका उभी असते. तिलाच आपण उपयोगाची सूचना म्हणतो. ही मालिका सदोष असेल, तर उत्तम द्रव्यही कतकाच्या नावासारखे निष्फळ ठरते.

पिण्याच्या पाण्यात जी द्रव्ये घालावयाची किंवा जी पात्रे बुडवावयाची, त्यांच्या सूचना मराठीत कसकशा घडत गेल्या याचा विचार वर्धा जिल्ह्यातील विहिरींच्या अनुषंगाने करावा, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विषय वरवर पाहता आरोग्यखात्याचा वाटेल. परंतु अन्य वस्तूच्या सूचनेतील चूक फार तर ती वस्तू बिघडविते. या सूचनेतील चूक एका पावसाळ्यात सबंध गाव अंथरुणास खिळवू शकते. म्हणून येथे शब्द, परिमाण आणि क्रियापदाचे रूप या तिन्ही गोष्टींना असाधारण महत्त्व प्राप्त होते.

२

प्रथम जुन्या घरगुती उपायांकडे पाहू. कतक म्हणजेच आपली निवळी. तिची बी मडक्याच्या आतल्या बाजूस घासावयाची, तुरटीचा खडा गुंडातील पाण्यात काही वेळ फिरवावयाचा, पाणी फडक्याने गाळून घ्यावयाचे, हे उपाय घराघरांत चालत आले. सुश्रुतसंहितेतही गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात साधनांत कतक आणि वस्त्र यांची गणना आहे. या उपायांची सूचना लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नसे. सासूने सुनेस किंवा आईने मुलीस ती हाताने दाखवावयाची. परिमाण हातातच असे आणि फलाचे चिन्ह डोळ्यांसमोर असे : गाळ खाली बसला, पाणी निवळले, काम झाले. 'निवळणे' हे क्रियापद आपण पुढे आकाशास, मनास आणि वातावरणासही लावले, यावरून हे चिन्ह भाषेत किती खोल रुजले होते हे ध्यानी येईल.

तथापि याच ठिकाणी भावी अडचणीचे मूळ आहे. निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि डोळ्यांना न दिसणारी शुद्धता यांत भेद करण्याची गरज पूर्वी भासली नव्हती, म्हणून त्यासाठी वेगळा शब्दही घडला नव्हता. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास पटकीच्या जंतूचे संशोधन केले, त्यानंतर हा भेद लोकांना समजावून सांगणे सरकारास प्राप्त झाले; आणि लेखी सूचनेचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

३

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला आणि पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर वसविण्यात आले. वर्धा, वणा, धाम, बोर या नद्या जिल्ह्यातून वाहत असल्या, तरी खेड्यांची तहान मुख्यत्वे विहिरींवरच भागत असे. पटकीच्या साथीत या विहिरींत घालण्यासाठी जे पहिले आधुनिक द्रव्य हिंदुस्थानात प्रचारात आले, ते पोटॅशियम परमँगनेट. आग्रा येथील रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी १८९० नंतरच्या दशकात त्याचा विशेष पुरस्कार केला.

भाषेच्या दृष्टीने या द्रव्यात एक मोठा गुण होता. सूचनेचे उत्तर ते स्वतःच देत असे. पाण्यास गुलाबी छटा येईपर्यंत घालावयाचे आणि ती छटा गेल्यावर पाणी भरावयाचे, एवढे सांगितले की तोळ्यामाशांचा हिशेब न कळणाऱ्यासही काम करता येई. लोकांनी त्यास 'लाल औषध' म्हटले, ते या रंगामुळेच. परंतु 'औषध' हा शब्द दुधारी होता. औषध रोग्यास देतात; निरोगी गावाच्या विहिरीस ते कशासाठी, हा प्रश्न त्या नावातच दडलेला होता. शिवाय ज्या रंगाने सूचना सोपी केली त्याच रंगाने आणि चवीने पाणी अप्रिय केले. पुढे पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी हे द्रव्य पुरेसे समाधानकारक नाही असे ठरून ते मागे पडले. मात्र त्याबरोबर सूचनेतील एक अमोल वस्तूही गेली : काम पुरे झाल्याचे, कोणालाही दिसणारे चिन्ह.

४

त्याची जागा ब्लीचिंग पावडरने घेतली. या द्रव्याच्या नावांचा इतिहास हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये त्याचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. इंग्रजी नावात आणि त्यावरून केलेल्या 'विरंजक चूर्ण' या मराठी नावात तो कापडाचाच उपयोग शिल्लक राहिला. पाण्याचा त्यात मागमूस नाही. द्रव्य पाण्यात घालावयाचे आणि नाव मात्र रंग उडविण्याचे, अशी ही विसंगती आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे राहून मध्य प्रांताच्या शासनासाठी पारिभाषिक शब्दांची प्रचंड निर्मिती केली. ऑक्सिजनला त्यांनी 'जारक' म्हटले आणि क्लोरीनला 'नीरजी'. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. 'नीरजी' या शब्दात, त्याची व्युत्पत्ती काहीही असो, कानाला 'नीर' तरी ऐकू येतो. परंतु तो ग्रंथांतच राहिला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे काम पुढे नेले. पण विहिरीच्या काठावर या कोणत्याच शब्दाचा जम बसला नाही. तेथे रूढ झाला तो 'टीसीएल'. 'ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम', म्हणजे उष्ण प्रदेशात टिकावे म्हणून सिद्ध केलेले चुन्याचे क्लोराइड, या नावाच्या आद्याक्षरांचा हा शब्द आज ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आणि बोलण्यात सर्रास वापरला जातो. त्याचा अर्थ फारच थोड्यांस ठाऊक असेल. पण अर्थाचे ओझे नसल्यामुळेच तो निर्वेध चालला, असे म्हणता येईल.

चूर्ण, पूड, भुकटी आणि पावडर हे शब्द कोशात समानार्थी दिसले तरी व्यवहारात तसे नाहीत. चूर्ण वैद्य देतो व ते पोटात घ्यावयाचे असते. पूड स्वयंपाकघरातली. पावडर मात्र बाहेरून आलेली, अंगास लावावयाची किंवा कीटकांवर मारावयाची. १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यावर घराच्या भिंतींवर फवारली गेली ती डी.डी.टी.ही लोकांच्या दृष्टीने पावडरच होती. ज्या शब्दाने डास मारावयाचे त्याच शब्दाने पिण्याचे पाणी शुद्ध करावयाचे, हे ऐकणाऱ्याच्या मनात किंतु उत्पन्न करणारे आहे. सूचना लिहिणाराने या शब्दच्छायांची दखल घेतली पाहिजे.

५

आता परिमाणाकडे वळू. ब्लीचिंग पावडर पाण्यास रंग देत नाही. म्हणून ती मोजूनच घालावी लागते. सामान्यतः १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर हे प्रमाण सांगितले जाते. चांगल्या प्रतीची म्हणजे सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असलेली. हवा, ऊन आणि ओल लागली की हे बळ घटते. म्हणजे पोत्यावरचा आकडा खरा असूनही पोत्यातला माल तसा राहत नाही. यासाठी हॉरॉक्स यांची चाचणी आहे. तीत सहा पांढरे व एक काळा असे पेले असतात. अर्ध्या तासाने ज्या पांढऱ्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग दिसेल त्याच्या क्रमांकास दोनने गुणिले की ४५५ लिटर पाण्यास लागणारी पावडर ग्रॅममध्ये मिळते. तिसरा पेला निळा झाला, तर सहा ग्रॅम.

हा ४५५ चा आकडा विद्यार्थ्यांना नेहमी कोड्यात टाकतो. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात नसून परिमाणांच्या इतिहासात आहे. मूळ प्रमाण १०० गॅलनांचे होते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने रूढ झाली, तेव्हा शंभराच्या सोप्या आकड्याचे ४५५ हे अवघड रूपांतर झाले. भाषेत जसे लुप्त झालेल्या विभक्तीचे अवशेष एखाद्या शब्दात टिकून राहतात, तसाच हा आकडा आहे. आणि हा केवळ कौतुकाचा विषय नाही. ज्याने विहिरीची खोली परसांत मोजली, धान्य पायलीने आणि सोने तोळ्याने, त्याच्यापुढे एका पिढीच्या आत गॅलन, शेर, लिटर आणि ग्रॅम एकामागून एक उभे राहिले. सूचनेतील प्रत्येक आकडा अचूक असूनही तो कोणत्याच हाताच्या ओळखीचा उरला नाही.

६

क्रियापदाच्या रूपाचा प्रश्न याहूनही सूक्ष्म आहे. 'पावडर टाका' या आज्ञार्थी वाक्यात 'तुम्ही' हा कर्ता क्रियापदातच वसलेला आहे. 'पावडर टाकावी' या विध्यर्थात प्रयोग कर्मणी होतो. क्रियापद पावडरीशी जुळते आणि तृतीयेतील कर्ता गाळला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे राहते. 'पावडर टाकणे' या रूपात पुरुषही नाही आणि वचनही नाही. जुन्या मराठी पत्रव्यवहारात '-णे' हे रूप आज्ञेसाठी विपुल आढळते. पण तेथे पत्राच्या मायन्यातच आज्ञा कोणास आहे हे स्पष्ट असे. भिंतीवरील फलकास मायना नसतो. शेवटची पायरी 'पावडर टाकण्यात यावी' ही. येथे कर्ता तर नाहीच, क्रियादेखील नामरूप होऊन गोठली आहे. टाका, टाकावी, टाकणे, टाकण्यात यावी, या चार पायऱ्यांवर सूचना अधिकाधिक अदबशीर होत गेली आणि ते काम करणारा माणूस अधिकाधिक दिसेनासा झाला.

प्रस्तुत लेखकास जिल्ह्यातील एका गावी याचा प्रत्यय आला. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. विहिरीजवळच्या फलकावर पाणी नियमित शुद्ध करण्यात यावे, असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. त्याविषयी विचारले असता एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "थे तं बरोबर लिवलं हाये. पन विहिरीत पानी किती हाये, थे मोजाचं कोनं?" शास्त्रीय ग्रंथांनी सांगितलेले सर्व काही त्या फलकात गृहीत होते, फक्त त्या 'कोनं'चे उत्तर नव्हते. वऱ्हाडी-नागपुरी बोलीतील त्या एका सर्वनामाने विध्यर्थाच्या व्याकरणातील उणीव नेमकी दाखविली.

याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरणही घडून गेले आहे. १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगावात राहावयास गेले, आणि १९४० मध्ये त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. १९४१ च्या त्यांच्या रचनात्मक कार्यक्रमात ग्रामसफाईस स्वतंत्र स्थान आहे. त्या प्रयोगाच्या यशापयशाची चर्चा येथे अप्रस्तुत होय. भाषेपुरते पाहता त्याचा विशेष असा की सूचना देणारा आणि ती अमलात आणणारा तेथे एकच होता. त्यामुळे कर्ता लुप्त होण्याचा प्रसंगच नव्हता.

७

सूचनेतील ही उणीव दोन मार्गांनी भरून काढण्याचे प्रयत्न झाले. पहिला मार्ग वस्तूच्या रचनेचा. वर्ध्याशेजारी नागपूर येथे १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती 'नीरी' या नावाने ओळखली जाते. तिने घरगुती विहिरींसाठी दुहेरी मडक्याची पद्धती तयार केली. एक किलो ब्लीचिंग पावडर व दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून आतल्या मडक्यात भरावयाची; छिद्राच्या खाली सुमारे तीन सेंटिमीटर जागा सोडावयाची; ते मडके दुसऱ्यात ठेवून तोंड प्लास्टिकच्या कागदाने बांधावयाचे आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक मीटर सोडावयाचे. दोन्ही मडक्यांना प्रत्येकी एक सेंटिमीटरचे छिद्र असते : आतल्यास वरच्या भागात, बाहेरच्यास तळापासून चार सेंटिमीटरवर. सुमारे ४,५०० लिटर पाणी असलेल्या आणि रोज ३६० ते ४५० लिटर उपसा होणाऱ्या विहिरीस ते दोन ते तीन आठवडे पुरते. रोज द्यावयाची सूचना येथे छिद्राच्या व्यासात उतरली. मडके हे घरोघरचे पात्र, म्हणून नवा शब्दही शिकावा लागला नाही. मात्र मोठ्या सार्वजनिक विहिरीस लहान विहिरीचे मडके चालत नाही, हे सांगावयास पुन्हा वाक्यच लागते.

फडक्याचे उदाहरणही येथे स्मरणीय आहे. नारूच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९९६ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. त्या कार्यक्रमात पाण्यात टाकावयाची औषधेही होती. परंतु पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यावे ही सूचना घराघरांतील जुन्या सवयीशी जुळणारी होती. तिला वजन नको होते, टक्केवारी नको होती आणि कर्ता स्वयंसिद्ध होता : जो पाणी भरतो तो.

दुसरा मार्ग कर्त्यास नाव देण्याचा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावाच्या पाण्याची जबाबदारी पंचायतीवर आली. पण पंचायत ही संस्था आहे, तिला बादली उचलता येत नाही. पुढे महाराष्ट्रात 'जलसुरक्षक' हा शब्द रूढ झाला. गावाच्या पाण्याची शुद्धी व तपासणी ज्याच्याकडे सोपविली तो मनुष्य, असा त्याचा अर्थ. परिभाषेतील अनेक शब्द वस्तूंना नावे देतात. या शब्दाने वाक्यातील रिकाम्या जागेस नाव दिले, म्हणून त्याचे मोल अधिक आहे. त्याच्या जोडीला 'ओटी' म्हणजे ऑर्थोटोलिडिन चाचणी आली आणि परमँगनेटबरोबर गेलेले दृश्य चिन्ह परत आले. नमुन्यात द्रावाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे.

परंतु चिन्हांचीही भाषा असते आणि तीत संदिग्धता असू शकते. पाणीस्रोतांच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्यात येते. चाचणीतला पिवळा रंग आश्वासक, तर कार्डाचा पिवळा रंग सावधगिरीचा. आणि कावीळ हा पाण्यातूनच येऊ शकणारा रोग पिवळ्या रंगावरूनच ओळखला जातो. एकेकाळचे लाल औषध तारक होते. आजचे लाल कार्ड धोक्याचे आहे. एकाच गावात, एकाच पाण्याविषयी, एकच रंग दोन विरुद्ध अर्थांनी वापरला जात असता स्पष्टीकरणाचे एक वाक्य प्रत्येक वेळी जोडणे अवश्य आहे.

८

या इतिहासावरून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. पेयजलाशी संबंध येणाऱ्या द्रव्याच्या सूचनेत चार गोष्टी असल्याच पाहिजेत : कोणी करावयाचे, किती, केव्हा आणि झाले हे कशावरून ओळखावयाचे. यांतील एकही गळली तर उरलेल्या तीन निरुपयोगी होतात. नमुन्यादाखल, तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीचा विचार करू. तीत सुमारे २८,२६० लिटर पाणी असते. चांगल्या प्रतीची पावडर असल्यास ती ७१ ग्रॅम लागेल. मग फलक असा लिहिता येईल :

"सायंकाळी शेवटचे पाणी भरून झाल्यावर जलसुरक्षकाने ७१ ग्रॅम टीसीएल बादलीत थोड्या पाण्यात कालवावी. नंतर बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. वरचे निवळलेले पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी व दोराने वरखाली हलवावी. खाली बसलेला चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर निदान एक तास कोणीही पाणी भरू नये. सकाळी ओटी चाचणीत पिवळा रंग आला तरच पाणी प्यावे. रंग न आल्यास जलसुरक्षकास सांगावे. विहिरीतील पाणी वाढले किंवा घटले, तर ७१ हा आकडा बदलावा."

या मजकुरात विध्यर्थच आहे. मराठीस तो सहज आहे व तो टाकण्याचे प्रयोजन नाही. केवळ त्याच्या कर्त्यास तृतीयेत पुन्हा बसविले आहे. शेवटच्या वाक्यातील आकडा मात्र प्रत्येक विहिरीस व प्रत्येक ऋतूत वेगळा येईल आणि जुन्या पावडरीचे बळ आधी तपासावे लागेल. म्हणून तो छापून न टाकता खडूने लिहिण्याची जागा फलकावर सोडावी.

'निवळलेले पाणी' हा शब्दप्रयोग वरील सूचनेत पुन्हा आला आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. निवळीपासून टीसीएलपर्यंत द्रव्ये बदलली, राज्ये बदलली, मापे बदलली. जुने क्रियापद अद्याप कामास येते. जेथे असा शब्द उपलब्ध असेल तेथे तो वापरावा, जेथे नसेल तेथे लोकांनी स्वीकारलेला परका शब्द खुशाल घ्यावा. पण पाणी कोणी शुद्ध करावयाचे हे सांगितल्यावाचून वाक्य संपवू नये. कतकाचे नाव घेऊन पाणी निवळत नाही, हे स्मृतिकारास ठाऊक होते. ते फळ मडक्यास घासणारा हात कोणाचा, हे सांगण्याचे काम सूचना लिहिणाराचे आहे.